उन्हाळ्यातला भरतीचा सराव: सकाळी सव्वाआठला पोरगं मैदानात पडलं

मैदानवाला | ११ मे, रात्री ९:४२

राम राम मंडळी. आठवडाभर लिहायची हिंमत होत नव्हती. आज पोरगं घरी आलं, म्हणून लिहितो.

मी ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यातला. अडीच एकर धानाची शेती आहे. पाच वर्षांपासून गावातल्या पोरापोरींकडून पोलीस भरतीचा आणि अग्निवीरचा सराव करून घेतो. फी नाही, अकॅडमी नाही. झेडपी शाळेचं मैदान, चुन्यानं आखलेली २०० मीटरची राऊंड, एक गोळा आणि माझं स्टॉपवॉच. सध्या १७ पोरं आणि ६ पोरी येतात.

त्या दिवशी आम्ही साडेसहाला सुरू केलं. आधी साडेचारला करायचो, पण या भागात वाघाची भीती आहे. अंधारात पोरांना घराबाहेर काढायला माझं मन होत नाही. त्या सकाळी १६०० मीटरच्या चार फेऱ्या होत्या, मधे पाच-पाच मिनिटं आराम. चौथ्या फेरीला सव्वाआठ झाले होते. एक पोरगा, वय २०, पुण्यात कंपनीत रात्रपाळी करायचा, भरतीसाठी काम सोडून दहा दिवसांपूर्वी गावी आलेला. सहाव्या राऊंडला तो वळणावर वळलाच नाही, सरळ पळत पिंपळाकडं गेला. मी ओरडलो, "अरे इकडं!" तर माझ्याकडं बघून म्हणतो, "सर, माझी बस सुटली." मला वाटलं मस्करी करतो. दोस्तानं हात धरला तर त्याला ढकललं, चार पावलं टाकली आणि खाली बसला. अंग घामानं चिंब, बनियन पिळून काढावी असं.

मग आम्ही जे केलं तेच सांगायचं आहे. व्हरांड्यात निजवलं. एकानं तोंडात पाणी ओतलं, ते नाकात गेलं, ठसका लागला. एकीनं धावत घरून कांदा आणला, तळपायाला चोळला. मी गाडीसाठी फोन करत सुटलो. लग्नाचे दिवस, सगळ्या गाड्या बाहेर. गाडी मिळून तालुक्याला पोचेपर्यंत एक तासावर वेळ गेला. त्या तासात आम्ही त्याच्या अंगावर एक लोटासुद्धा ओतला नाही. बोअर वीस पावलांवर होती!

दवाखान्यातून पुढं मोठ्या गावाला नेलं. लू, म्हणजे उष्माघात, झाला होता, किडनीवरही परिणाम झाला होता. सहा दिवस सलाईन, रोज रक्ताच्या तपासण्या. वाचला. नंतर कळलं की आदल्या रात्री लग्नातलं जेवून त्याला तीनदा जुलाब झाले होते. सरावाला नाही म्हटलं तर मी रागावीन म्हणून सांगितलं नाही. हे माझ्या छातीत रुतून बसलं आहे.

आता पोरं विचारतात, सर, उद्यापासून ग्राउंड कधी? पोलीस भरतीला १६०० मीटर ५ मिनिट १० सेकंदांत मारली तर २० पैकी २० मार्क. जाहिरात कधीही निघेल म्हणून कोणी थांबायला तयार नाही. पाऊस येईपर्यंत बंद करू का? की सुरक्षित करायची काही रीत आहे? जाणकारांनी सांगावं.

वैनगंगाकाठ | ११ मे, रात्री १०:१५

दादा, वाचून अंगावर काटा आला. पोरगं वाचलं हे मोठं. पण एक समजलं नाही. सकाळी सव्वाआठला कसली लू लागते? आमच्या भंडाऱ्याकडं त्या वेळी बाया विहिरीवर गप्पा मारत असतात. दुपारी बारा ते चार सांभाळलं की झालं, असंच आजवर ऐकलं.

दवाखान्यातला | ११ मे, रात्री ११:३०

मी गोंदिया जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. वैनगंगाकाठ यांची शंका बहुतेकांची असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लू लागण्याचे दोन प्रकार धरा. एक म्हातारी आजी पत्र्याच्या घरात दोन-तीन दिवस तापते, अंग कोरडं पडतं, बेशुद्ध होते. तिथं उष्णता बाहेरून आत गेलेली असते. दुसरा प्रकार मैदानवाला यांनी पाहिला. यात उष्णता पोराच्या स्वतःच्या मांड्या-पोटऱ्यांत तयार होते. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिच्यातला साधारण चौथा हिस्साच पळण्याच्या कामी येतो, उरलेली सगळी उष्णता होऊन रक्तात उतरते. ही आग विझवायला शरीराकडं मुख्य साधन घाम, आणि घाम नुसता गळून उपयोग नाही, तो अंगावरून वाळला पाहिजे. हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा गरम झाली की कोरड्या अंगाला नुसत्या वाऱ्यानं गारवा मिळणं बंद होतं. मग सगळी भिस्त घामावर. मे महिन्यात आपल्याकडं रात्र धड थंड होत नाही. पोरगा अंथरुणातून उठतो तेव्हाच अर्धा तापलेला असतो. त्यात जुलाबानं पाणी गेलेलं, आणि जोर लावून चौथी फेरी. यासाठी दुपारची गरजच नाही.

आणि मोबाइलवर दिसणारं तापमान सावलीतलं असतं. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर ठेवतात. मैदानातल्या उघड्या मातीवर पोराच्या अंगाला त्याहून जास्त झळ लागते.

आता खूण. "घाम येतोय म्हणजे लू नाही" हे डोक्यातून काढा. पळताना लागलेल्या लूमध्ये पोरगा घामानं निथळत असतो. खरी खूण डोक्याची. असंबद्ध बोलणं, भलतीकडं पळणं, उगाच चिडणं, मारायला धावणं, तोल जाणं. "माझी बस सुटली" हे वाक्य ऐकलं त्या क्षणाला समजायचं की आतलं तापमान ४० च्या वर गेलं आहे. काखेत थर्मामीटर लावून बसू नका. ओल्या अंगावर तो कमी दाखवतो, आणि कमी बघून तुम्ही गाफील राहता.

मग करायचं काय? आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. १०८ ला फोन एकानं लावायचा, बाकीच्यांनी पाण्याला लागायचं. हा क्रम उलटा झाला की पोरगं हातचं जातं. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा.

मैदानवाला | १२ मे, पहाटे ५:०५

डॉक्टरसाहेब, गार करायचं म्हणजे नेमकं कसं? आमच्याकडं बर्फाचा टब कुठला? खेड्यातली रीत सांगा.

दवाखान्यातला | १२ मे, दुपारी २:१०

खेड्यात जे आहे ते पुरतं. तुमच्या घरी धानावर झाकायची ताडपत्री असेल. मैदानाच्या सावलीच्या बाजूला ती घडी करून ठेवून द्या. पोरगं पडलं की बूट-मोजे, शर्ट काढा, ताडपत्रीवर मधोमध निजवा. पाच-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, म्हणजे मधे खोलगट डोह होतो. त्यात बादल्या ओता, बर्फ असेल तर टाका, आणि कडा खालीवर हलवत पाणी अंगावर खेळवत ठेवा. एक जण फक्त डोकं धरून बसेल, तोंड-नाक पाण्याच्या वर. उलटी आली तर कुशीवर. खेळाडूंसाठी ही रीत जगभर वापरतात, टबाला पर्याय म्हणून. बोअरचं ताजं पाणी पुरेसं गार असतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं घेऊ नका, ते तापलेलं असतं. बर्फ रसवंतीवाल्याकडं किंवा मासे विकणाऱ्याकडं मिळेल, आधीच सांगून ठेवा.

ताडपत्री नसेल तर डोक्यापासून पायापर्यंत सारखं पाणी ओतत राहा, ओले दुपट्टे अंगावर पसरा आणि सुपानं, पुठ्ठ्यानं, मिळेल त्यानं वारा घाला. दुपट्टा गरम झाला की काढून दुसरा. मानेला, काखेत, जांघेत बर्फाची पुरचुंडी. पोरगा नीट बोलायला लागेपर्यंत किंवा थंडीनं कुडकुडेपर्यंत थांबायचं नाही. गाडीतही ओतत जायचं. गाडीची सीट भिजली तर भिजू द्या.

शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब नाही, ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉल नाही, हा आजारपणातला ताप नव्हे, त्या गोळीनं उतरत नाही. कांद्याबद्दल कोणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, खिशात ठेवायचा तर ठेवा. पण तळपायाला कांदा चोळण्यात जी पाच मिनिटं जातात ती बादलीची असतात.

कास्तकार | १२ मे, रात्री ८:२०

यवतमाळ जिल्ह्यातून लिहून रायलो. डॉक्टरसाहेबाचं सारं पटते, पण माहा एक सवाल हाय. माहा बाप सत्तर वर्साचा हाय. आजही मे महिन्यात वावरात काडीकचरा येचते, वखर हाणते. आमच्या घरच्या बाया धुऱ्यावर उन्हात राबतात. त्यायले काही होत नाई, अन् वीस वर्साचं जवान पोट्टं सकाळी सकाळी पडते, हे कसं काय? आजकालच्या पोट्ट्यायची अंगकाठीच कच्ची झाली, असं मले वाटते.

मैदानवाला | १२ मे, रात्री ९:००

कास्तकार भाऊ, अंगकाठी कच्ची नव्हती. आमच्यात दुसऱ्या नंबरचा पळणारा होता तो. डॉक्टरसाहेबांनीच सांगावं.

दवाखान्यातला | १२ मे, रात्री ११:०५

कास्तकार भाऊ, तुमच्या वडिलांकडंच याचं उत्तर आहे. ते किती वाजता वावरात जातात आणि किती वाजता परत येतात ते आठवा. तांबडं फुटता जातात, दहा-साडेदहाला लिंबाखाली येतात, आंबील पितात, पडतात आणि ऊन कललं की परत जातात. वखर हाणताना बैलाच्या चालीनं चालतात, घड्याळाशी शर्यत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या अंगाला फाल्गुनापासून रोज थोडं थोडं ऊन लागत आलं आहे.

याला सवय म्हणतो आपण, पण शरीरात खरोखर बदल होतात. रोज तासभर उन्हात हालचाल केली तर साधारण दहा ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, तेवढ्याच कामाला हृदय कमी धडधडतं. ही कमाई जपावीही लागते. दोन-तीन आठवडे खोलीत बसलं की बरीचशी ओसरते. पुण्याहून आलेल्या पोराला छाती होती, पाय होते, पण उन्हाची सवय नव्हती. त्याला पहिल्याच दिवसापासून सगळ्यांच्या बरोबरीनं पळवलं, तिथं चुकलं. नव्या मजुरांसाठी जगात एक साधा हिशोब वापरतात. पहिल्या दिवशी गरम जागेतलं काम पाचव्या हिश्श्याएवढं, मग रोज पाचवा हिस्सा वाढवायचा. पळण्याच्या सरावाला मी याहून सावकाश जाईन, दोन आठवडे धरीन. आजारातून उठलेल्यालाही नवाच समजा. जुलाब, ताप, रात्रभराचं जागरण, आदल्या दिवशीची दारू, यातलं काही असेल त्या दिवशी पळणं नाही. यात मन कच्चं असण्याचा काही संबंध नाही.

कास्तकार | १३ मे, सकाळी ६:४०

बरोबर हाय साहेब. बाप साडेदहाले येतेच, मीच लक्षात घेतलं नाई. काल रात्री त्याले इचारलं तर म्हणे, "बैल धापा टाकाले लागला की मी सोडतो, बैल हाय म्हणून मी वाचलो." पोट्ट्यायले बैल नाई. मास्तर, तुमाले त्यायचा बैल व्हा लागते.

धावती | १३ मे, दुपारी ३:२५

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात तयारी करते, मुलींचं ८०० मीटर. सरांना एक विचारायचं आहे. तुमच्या ६ पोरी पळायला येताना पाणी पितात का? मी पीत नव्हते. दोन वर्षं रात्री नऊनंतर पाण्याचा थेंब घ्यायचे नाही, कारण मैदानावर मुलींना जायला जागा नाही आणि मुलांसमोर शेताकडं जायची लाज वाटते. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्याच मुली असंच करायच्या, एकमेकींना न सांगता. मार्चमध्ये मला लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, तेव्हा सिस्टरनी विचारलं आणि रडत रडत सांगितलं.

दुसरं कपड्यांचं. घरून हाफ टी-शर्ट चालत नाही, म्हणून काळा पॉलिस्टरचा ट्रॅकसूट, वर स्कार्फ, तोंड बांधलेलं. मुलं बनियनवर पळतात. आमच्या अंगावरून घाम वाळणार कुठून? मी आता सैल, पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता घालते, घरच्यांचीही हरकत नाही आणि वारा लागतो. स्कार्फ पळताना सोडते, थांबले की ओला करून डोक्यावर घेते. पण शौचालयाचं काय करू, ते मला माझ्या हातानं सोडवता येत नाही.

मैदानवाला | १३ मे, रात्री ९:३०

ताई, खरं सांगतो, पाच वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आज संध्याकाळी आमच्या पोरींपैकी मोठीला बायकोकरवी विचारलं. सहाच्या सहा जणी पाणी न पिता येतात. शाळेचं शौचालय मैदानाला लागून आहे, सुट्टीत कुलूप असतं. उद्याच मुख्याध्यापकांकडं जातो. किल्ली पोरींच्याच हातात राहील.

आरोग्यवाली | १४ मे, सकाळी १०:१०

मी आशा कार्यकर्ती आहे, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावात. इतक्या चर्चेत सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, नाव कोणी काढलं नाही, म्हणून लिहिते.

आपल्या पूर्व विदर्भात बऱ्याच घरांत हा आजार आहे. ज्याच्या रक्तात एस-एस आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून दोष आला आहे, त्याला आपण रुग्ण म्हणून ओळखतो, त्याला ऊन, तहान, दमणूक लगेच बाधते, हातपाय ठणकतात, दवाखान्यात न्यावं लागतं. पण ए-एस म्हणजे वाहक असलेली पोरं धडधाकट असतात. त्यांना माहीतही नसतं, सोयरिकीच्या वेळी तपासणी झाली तर कळतं. अशी पोरं भरतीच्या सरावाला येतात. डॉक्टरसाहेब, त्यांना पळताना धोका असतो हे खरं ना? आमच्या ट्रेनिंगमध्ये ओझरतं सांगितलं होतं.

दवाखान्यातला | १४ मे, रात्री १०:४५

ताई, फार महत्त्वाचं काढलंत. मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

खरं आहे. वाहक पोरगा आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो, खेळाडू होऊ शकतो. पण भर गरमीत, अंगातलं पाणी कमी असताना, न थांबता जोर लावत राहिला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, स्नायूंचं रक्त अडतं, स्नायू तुटायला लागतात. परदेशात सैन्याच्या आणि अमेरिकन फुटबॉलच्या सरावात असे मृत्यू नोंदलेले आहेत.

याची खूण वेगळी. साधा गोळा आला तर पोटरी दगडासारखी होते, पोरगा कळवळून ओरडतो. सिकलच्या पोराचे पाय जड पडतात, तो हळूहळू मंदावतो आणि बसतो. शुद्धीवर असतो, नीट बोलतो, पोटरी हाताला मऊ लागते, पण पाय उचलत नाही. मास्तर लोकांना तो कामचुकार वाटतो. त्याला "ऊठ, एक राऊंड राहिली" म्हणणं जिवावर बेतू शकतं. तिथंच थांबवायचं, सावली, पाणी, आणि दवाखाना.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या टोकाच्या रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर रुग्ण की वाहक ते पक्कं सांगणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी. सरकारी यंत्रणेत पैसे लागत नाहीत. निकाल पोराला आणि घरच्यांना सांगायचा, मैदानावर जाहीर करायचा नाही. वाहक निघाला म्हणून सराव बंद नाही. त्याच्या फेऱ्यांमधला आराम वाढवायचा, पाणी सांभाळायचं, आणि तो थांबतो म्हणाला की थांबू द्यायचं.

मोहफूल | १५ मे, सकाळी ११:००

मी जंगलाच्या कडेला राहतो. वेळेबद्दल बोलतो. "पहाटे चारला पळा, गार असतं" असं शहरातली माणसं सहज सांगतात. आमच्याकडं ती अस्वलाची वेळ. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा अस्वलं झाडाखालीच असतात. आता तेंदूपत्त्याचे दिवस, बाया झुंजूमुंजू होता जंगलात शिरतात, आणि वाघाच्या बहुतेक बातम्या अशाच वेळेच्या. वाकून पान तोडणारं माणूस वाघाला जनावर वाटतं, तसंच बूट बांधायला बसलेलं पोरगंही वाटेल.

आमच्या पोरांनी असं ठरवलं आहे. अंधारात जंगलाच्या रस्त्यावर कोणी नाही. साडेपाचला उजाडतं, पावणेसहाला गावातल्या मैदानात जमायचं, सातच्या ठोक्याला जोराचं पळणं बंद. फक्त सव्वा तास मिळतो. त्यात सोमवारी आणि गुरुवारीच घड्याळ लावून पळणं, बाकी दिवस हलकं. संध्याकाळी साडेसात-आठनंतर ग्रामपंचायतीच्या दिव्याखाली गोळाफेक, बैठका, दोरी. संध्याकाळी पळायचं नाही, कारण सूर्य बुडाला तरी माती दिवसभराची ऊब सोडत असते. हात लावून बघा, आठ वाजताही शाळेची भिंत तव्यासारखी असते.

वैनगंगाकाठ | १५ मे, दुपारी १:३०

आमच्याकडं काही पोरं वजन उतरवायला रेनकोट घालून पळतात. एकानं तर खताची प्लास्टिकची पिशवी कापून बनियनखाली घातली होती. "किलोभर उतरलं" म्हणत होता. हे बरं की वाईट?

दवाखान्यातला | १५ मे, रात्री १०:२०

आजच काढून जाळायला लावा. उतरलेला किलो म्हणजे लिटरभर पाणी, चरबी नव्हे. पाणी प्यायला की परत. आणि प्लास्टिकच्या आत घाम वाळूच शकत नाही, म्हणजे आग पेटवून धुराडं बंद केल्यासारखं.

वजनाचा काटा मात्र दुसऱ्या कामाला वापरा. पळण्याआधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांत वजन करा. किलो कमी झालं तर लिटरभर पाणी गेलं. पुढच्या दोन-तीन तासांत तेवढं आणि थोडं जास्त, घोट घोट भरून काढायचं. आपल्याकडं हवा कोरडी असते, घाम फुटल्या फुटल्या उडतो, पोराला वाटतं घामच आला नाही. शर्टावर पांढरे मिठाचे ओघळ दिसतात तोच त्याचा हिशोब.

धावती | १६ मे, सकाळी ९:१५

पाण्याबद्दल मीही विचारणार होते. आमच्यातल्या एका मुलीनं "भरपूर पाणी प्या" ऐकून सरावाआधी आणि मधे मिळून तीन-चार लिटर साधं पाणी प्यायलं. तिला मळमळ, डोकेदुखी, उलटी. सगळे म्हणाले ऊन लागलं, अजून पाणी दिलं.

दवाखान्यातला | १६ मे, दुपारी २:४०

तेही घडतं. थोड्या वेळात नुसतं पाणी खूप गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. तिला अजून पाणी देणं चूक होतं. पोट डुचमळत असताना पुढचा पेला नको. सराव एक तासाच्या आत असेल तर दर १५-२० मिनिटांनी एक पेला, तहान लागेल तसा, पुरे. घामाची भर करायला आपलं ताक, त्यात मीठ-जिरं. आंबील, पन्हं, लिंबू-मीठ-साखर. जुलाब असेल किंवा खूप घाम गेला असेल तर ओआरएस. पुडी २०.५ ग्रॅमची असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये "स्ट्राँग" करायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका. लघवी सकाळी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर ठीक, चहासारखी काळपट झाली तर त्या दिवशी पळणं नाही, सरळ दवाखान्यात या.

कास्तकार | १६ मे, रात्री ८:५०

साहेब, बापाले बीपीची गोळी सुरू हाय, लघवी जास्त होते तिच्यानं. अन् आई शुगरसाठी रोज चालाले जाते. त्यायचं काय?

दवाखान्यातला | १६ मे, रात्री ११:१०

लघवीची गोळी असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही जास्त जातं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना "मी उन्हात काम करतो" हे सांगा, डोस तेच ठरवतील. आईनं चालणं सोडू नये. उजाडल्यावर अर्धा तास, सोबत कोणीतरी, खिशात खडीसाखर. चालता चालता बोलता येईल एवढ्याच चालीनं.

आणि सगळ्यांना एक. मिरग लागून पहिला शिडकावा झाला की पोरं "गार झालं" म्हणून जोर वाढवतात. जूनमधले ते दिवस मला मेपेक्षा जास्त भीतीचे वाटतात. पारा ३८-४० आणि हवेत ओल, घाम वाळतच नाही. तेव्हाही हेच नियम पाळा.

मैदानवाला | २१ मे, रात्री ९:१५

मंडळी, आठ दिवस सराव बंद ठेवला आणि सोमवारपासून नव्यानं सुरू केला. पावणेसहा ते सात. सगळ्यांना पहिल्या दिवसाच्या पोरांसारखंच धरलं, दोन राऊंड चालत, दोन हलक्या पळत. दोघं चिडले, एक जण दुसऱ्या गावच्या अकॅडमीत गेला. जाऊ दे.

पिंपळाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवला आहे, ओल्या बारदान्यानं गुंडाळून. शेजारी ताडपत्री आणि चार बादल्या. काल एका पोराला खोटं खोटं पाडून सगळ्यांकडून करून घेतलं. पहिल्यांदा ताडपत्री उलगडून पाणी ओतायला सहा मिनिटं लागली, तिसऱ्यांदा दीड मिनिट. १०८ ला गावाचा पत्ता कसा सांगायचा तेही प्रत्येकाकडून वदवून घेतलं, कारण त्या दिवशी मला स्वतःला तो नीट सांगता आला नव्हता. शौचालयाची किल्ली मोठ्या पोरीकडं दिली. सिकलसेलच्या तपासणीसाठी उपकेंद्रातल्या सिस्टर गुरुवारी शाळेतच येणार आहेत.

रोज सुरू करायच्या आधी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो: झोप झाली का, पोट ठीक का, पाणी प्यालास का. पहिल्या दिवशी सगळे "हो सर" म्हणाले. आज एका पोरानं सांगितलं, रात्री ताप होता. त्याला घरी पाठवला, शाबास म्हणून.

ते पोरगंही येतं. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीपर्यंत पळायला मनाई केली आहे. आज त्यानं विचारलं, "सर, चालू का दोन राऊंड?" मी नाही म्हटलं. मग ड्रमजवळ दगडावर बसून त्यानं स्टॉपवॉच घेतलं आणि सगळ्यांचे टायमिंग वहीत लिहिले. सात वाजता त्यानंच शिट्टी मारली.